बारा गुंठ्यांत गाड्यांची रांग किती बसवायची?

तुमचा प्रश्न असा आहे: कोल्हापूरच्या सांगली फाट्याजवळ हायवेच्या सेवा रस्त्याला लागून घरची १२ गुंठे जागा, समोरून १०० फूट, आत १३० फूट. तिथं मिसळ, वडा आणि कॉफीचा ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीवरून पार्सल घ्यायचं ठिकाण, काढायचाय. आर्किटेक्टनं नकाशात ४ गाड्यांची रांग दाखवली आहे, मेहुणे म्हणतात १० गाड्यांची सोय हवीच. कुणाचं ऐकायचं?

दोघांनीही आकडा सांगितला, पण एका गाडीला खिडकीवर किती वेळ लागणार हे कुणी विचारलेलं दिसत नाही. सगळं अडलंय ते तिथं. मी जागेची आणि वाहनांच्या ये-जा करण्याची आखणी करतो. पेट्रोल पंप, मंगल कार्यालयं, गोदामं आणि अलीकडे असे ड्राइव्ह-थ्रू. या कामात ‘किती गाड्या’ हा आकडा शेवटी निघतो. आधी दोन गोष्टी ठाऊक लागतात. एक, सगळ्यात गर्दीच्या तासात किती गाड्या येणार. दोन, सगळ्यात रेंगाळणाऱ्या टप्प्यावर एक गाडी सरासरी किती सेकंद अडकणार. तुमचा मेनू, माणसं आणि नेमकी जागा बघितल्याशिवाय शेवटचा आकडा मी देणार नाही, पण तो कसा काढायचा ते सविस्तर सांगतो.

समजा रविवारी सकाळी तुमच्याकडं तासाला ३० गाड्या येतात. म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एक. खिडकीवर एका गाडीला १०० सेकंद लागतात. वरवर बघता सगळं ठीक आहे, कारण १०० सेकंदांच्या हिशेबानं तासाला ३६ गाड्या निघतात. पण गाड्या दर दोन मिनिटांनी घड्याळ लावून येत नाहीत. पाच मिनिटं कुणी फिरकत नाही आणि मग चार एकदम येतात. शिवाय एकाची ऑर्डर दोन कॉफींची, तर मागच्याची घरच्या बारा माणसांची. या अनियमितपणामुळं रांग लागते. असं गणित टेलिफोनच्या कॉलसाठी डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनमध्ये मांडलं, आणि तेच आपण गाड्यांना लावतो.

त्या गणितानं १०० सेकंदांना खिडकीवरची धरून सरासरी ५ गाड्या आत असतात आणि प्रत्येकीचे सुमारे १० मिनिटं जातात. पण सरासरीवर जागा आखायची नसते. शंभरातल्या ९५ वेळा रांग आत मावायला हवी असं धरलं तर १६ गाड्यांची जागा लागते. आता तेच काम ८० सेकंदांत करा. सरासरी २ गाड्या, प्रत्येकीला ४ मिनिटं, आणि जागा लागते फक्त ७ गाड्यांची. उलट बाजूला बघा. १०० चे ११० सेकंद झाले की सरासरी ११ गाड्या, प्रत्येकीला २२ मिनिटं आणि जागा ३४ गाड्यांची. आणि १२० सेकंद झाले तर जितक्या येतात तितक्याच जातात, म्हणजे रांग वाढतच राहते, कितीही मोठी जागा दिली तरी.

हे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचा. वीस सेकंद कमी केले तर १६ ची रांग ७ वर आली. नऊ गाड्यांची जागा म्हणजे साठेक मीटर लांबीची लेन. हायवेला लागून तेवढी जमीन विकत घेण्यापेक्षा वीस सेकंद वाचवणं किती स्वस्त आहे याचा हिशेब तुम्हीच करा.

या गणिताला मर्यादा आहेत, तेही सांगायला हवं. त्यात धरलेलं असतं की प्रत्येक ऑर्डरचा वेळ खूप कमी-जास्त होतो आणि आलेला माणूस रांग बघून परत जात नाही. प्रत्यक्षात लांब रांग दिसली की बरेच लोक ‘राहू दे, पुढं बघू’ म्हणून निघून जातात. ऑर्डरचे वेळ एकसारखे असतील तर वाट बघणाऱ्या गाड्या जवळपास निम्म्यावर येतात. म्हणजे हे आकडे वरच्या बाजूचे आहेत. मी मात्र आखणी याच आकड्यांवर करतो, कारण उलट दिशेच्या गोष्टीही असतात. पाऊस असतो, नवीन पोरगा कामावर असतो, किंवा पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीहून परतणाऱ्या गाड्या एकाच वेळी फाट्यावर येतात.

आता वेळ कुठं जातो ते बघू, कारण कमाई तिथं आहे. एका मिसळीच्या काउंटरवर पार्सलचा वेळ मी फोनच्या घड्याळावर टिपत उभा होतो. मालकाला वाटत होतं की वेळ स्वयंपाकघरात जातो. प्रत्यक्षात मटकी आणि फरसाण डब्यात पडायला काहीच वेळ लागत नव्हता. वेळ जात होता कट पिशवीत ओतून रबर लावण्यात. गरम रस्सा, हात भाजू नये म्हणून पिशवीचं तोंड दोन बोटांनी धरायचं, हवा काढायची, पीळ घालायचा, रबराचे तीन वेढे, मग ती दुसऱ्या पिशवीत. चार मिसळींना हे चारदा. त्यात मधेच ‘ब्रेड देऊ का पाव?’ हा प्रश्न, आणि गाडीत मागं बसलेल्यांची त्यावर चर्चा. पुढं पैसे. गिऱ्हाईक फोन काढणार, रेंज शोधणार, पिन टाकणार, आणि स्पीकर रक्कम बोलेपर्यंत दोघंही एकमेकांकडं बघत थांबणार.

यातलं काहीच खिडकीवर व्हायची गरज नाही. कट झाकणाच्या डब्यात आधीच भरून गरम पेटीत ठेवा. ब्रेड की पाव, तिखट किती, हे ऑर्डर घेतानाच विचारा. पैसे ऑर्डरच्या जागी घ्या, म्हणजे गाडी पुढं सरकेपर्यंत ते जमा झालेले असतील. गर्दीच्या दोन-तीन तासांत एक माणूस हातात टॅब किंवा साधी वही घेऊन रांगेतल्या गाड्यांकडं चालत गेला तर तो सगळ्यात उपयोगी पडतो. आपल्याकडं गाडीत बसून हॉर्न दिला की पोरगा येतो, ही सवय लोकांना आहेच. स्पीकरच्या खांबाशी बोलण्यापेक्षा समोरच्या माणसाशी बोलणं कोल्हापूरकराला सोपं जातं, आणि चुकाही कमी होतात.

बारा माणसांच्या ऑर्डरचं काय? तिच्यासाठी खिडकीच्या पुढं, बाहेर पडायच्या वाटेला लागून दोन गाड्यांची थांबण्याची जागा ठेवा. मोठी ऑर्डर आली की ‘साहेब, तेवढं पुढं घ्या, आणून देतो’ म्हणायचं. मागची गाडी खिडकीला लागते. दोन गाड्यांच्या त्या जागेमुळं सगळ्यात लांब वेळ सरासरीतून बाहेर पडतो. आराखड्यातलं एखादं झाड, फलक काढावा लागला तरी चालेल, पण या दोन जागा सोडू नका.

ऑर्डरची जागा आणि खिडकी यांच्यात किती अंतर ठेवायचं, हे तुमच्या आर्किटेक्टनं अंदाजानं ठेवलंय असं दिसतं. त्याचाही साधा हिशेब आहे. ऑर्डर दिल्यापासून पदार्थ तयार व्हायला ४ मिनिटं लागत असतील आणि खिडकीवरून दर ८० सेकंदांनी गाडी निघत असेल, तर मधे ३ गाड्या हव्यात. एकच गाडी मावत असेल तर पदार्थ तयार नसतानाच ती खिडकीशी येऊन थांबेल आणि तिचा सगळा वेळ खिडकीच्या खात्यात जाईल. सहा मावत असतील तर ऑर्डरींचा क्रम गोंधळेल, पहिल्याचा वडा तिसऱ्याला जाईल, आणि तोवर पहिल्याची कॉफी गार झालेली असेल.

आता तुम्ही जोडलेल्या नकाशाकडं येतो. त्यात गाडी इमारतीला घड्याळाच्या उलट दिशेनं वळसा घालते. तो नकाशा बहुतेक रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी चालवणाऱ्या देशातल्या चित्रावरून घेतलाय. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो, म्हणून खिडकी गाडीच्या उजव्या हाताला यायला हवी आणि गाडीनं इमारतीला घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरायला हवं. तुमच्या नकाशाप्रमाणं बांधलं तर पार्सल डावीकडच्या माणसाच्या हातात जाईल, आणि एकटा आलेला चालक सीटवरून वाकून काच खाली करत बसेल. प्रत्येक गाडीमागं दहा-पंधरा सेकंद तिथंच जातील.

दिशा बदलली की बाकीचं आपोआप जुळतं. सेवा रस्त्यानं येणाऱ्या गाडीला आधी लागणारं तोंड आत जायचं. ती डावीकडं वळून आत येते, इमारत तिच्या उजव्या हाताला. सरळ मागं जाते, मागच्या बाजूनं उजवीकडं वळते, पुन्हा उजवीकडं वळून रस्त्याकडं येते. याच शेवटच्या बाजूला खिडकी. तिथून पुढच्या तोंडातून बाहेर, पुन्हा डावीकडं. आत येणारी आणि बाहेर जाणारी गाडी एकमेकींना कुठंच छेदत नाहीत. मागच्या बाजूला, उजवीकडच्या दुसऱ्या वळणाच्या जरा आधी, ऑर्डरची जागा येईल.

मापं सांगतो. लहान गाड्यांची लांबी बहुतेक ४ मीटरच्या आत असते, पण हायवेवर मोठ्या एसयूव्हीही येणार आणि दोन गाड्यांत माणूस अंतर ठेवतो, म्हणून एका गाडीला ६.५ मीटर धरा. सरळ लेन ३ मीटर, वळणावर ४ मीटर. वळण काटकोनात नको, गोलाकार द्या, नाहीतर मागचं चाक कठड्यावर चढतं. तुमच्या १०० बाय १३० फुटांत वळशाची लेन तोंडापासून तोंडापर्यंत अंदाजे ९० मीटरची बसते. बाहेरच्या तोंडापासून १५ मीटर आत खिडकी धरली तर तिच्यामागं ७५ मीटर उरतात. त्यातले आत येण्याच्या तोंडाजवळचे १० मीटर मी रांगेत मोजत नाही, ते मोकळेच राहायला हवेत. राहिले ६५ मीटर, म्हणजे १० गाड्या.

म्हणजे मेहुण्यांचा आकडा जागेत बसतो. पण तो पुरतो का, हे वेळावर आहे. तासाला ३० गाड्या येणार असतील तर १० च्या रांगेसाठी खिडकीवरचा सरासरी वेळ ९० सेकंदांच्या आत ठेवावा लागेल. ४ गाड्यांचं म्हणाल तर त्यासाठी एक तर गाड्या निम्म्या यायला हव्यात किंवा काम साधारण ६५ सेकंदांत उरकायला हवं. फक्त कॉफी आणि वड्यावर ते जमू शकेल, मिसळीवर मला अवघड वाटतं. आर्किटेक्टला हे दाखवा, वाद मिटेल.

जमलं तर मागच्या बाजूला लेनशेजारी ३ मीटरची निसटायची वाट ठेवा. एखाद्याचा विचार बदलतो, एखाद्याच्या लेकराला उलटी होते, एखादी गाडी बंद पडते. वाट नसेल तर एका गाडीमुळं मागच्या नऊ अडकतात. यानं इमारत थोडी अरुंद होईल, पण ड्राइव्ह-थ्रूला बसायची जागा तशीही कमी लागते.

दुचाकींबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि कोल्हापुरात तेच सगळ्यात आधी विचारात घ्यायला हवं. परदेशी पुस्तकातली मापं इथं उघडी पडतात ती दुचाकीमुळं. दुचाकीवाला रांगेत नवव्या नंबरवर उभा राहणार नाही. तो कडेनं पुढं येणार, खिडकी आणि गाडीच्या मधे चाक घालणार, आणि ‘दोनच वडे पायजेत’ म्हणणार. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही, त्याच्यासाठी सोयच केलेली नसते. रस्त्याकडच्या बाजूला, गाड्यांच्या लेनशी संबंध नसलेली वेगळी खिडकी द्या, समोर दहा-बारा दुचाकी तिरप्या लागतील एवढी फरसबंदी, आणि दोन्हींच्या मधे हातभर उंचीचा कठडा. नुसता पांढरा पट्टा कुणी पाळत नाही.

आता तोंडाजवळच्या त्या मोकळ्या १० मीटरांबद्दल. माझ्या दृष्टीनं तुमच्या अख्ख्या आराखड्यातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे. रांग रस्त्यावर गेली की ती तुमची राहत नाही, सगळ्या गावाची होते. सीएनजी पंपांपुढं रिक्षा आणि गाड्या रस्त्यावर कशा उभ्या असतात हे तुम्ही बघितलंच असेल. तुमच्याकडं धोका त्याहून मोठा आहे. ऊसाच्या हंगामात सेवा रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. भरलेली ट्रॉली ब्रेक दाबला की जागेवर थांबत नाही, आणि अंधारात कित्येकांना मागं रिफ्लेक्टरही नसतो. तुमच्या रांगेतली शेवटची गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी उभी असेल आणि मागच्या सीटवर लेकरं असतील, तर काय होऊ शकतं हे मी वेगळं सांगायला नको. शिवाय सेवा रस्त्यावर उलट्या दिशेनं येणारेही असतातच, ते उजवीकडं वळून थेट तुमच्या तोंडावर येतील.

यावर एक उपाय टोलनाक्यांकडून घेण्यासारखा आहे. महामार्ग प्राधिकरणानं २०२१ मध्ये टोलनाक्यांसाठी सूचना काढली होती. गर्दीच्या वेळीही एका वाहनाला १० सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, रांग १०० मीटरच्या पुढं जाऊ नये, आणि हे कळावं म्हणून प्रत्येक लेनमध्ये १०० मीटरवर पिवळी रेघ मारावी. रांग त्या रेघेपलीकडं गेली तर पुढच्या गाड्या टोल न घेता सोडायच्या, असं तेव्हा त्यात होतं. यातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे रेघ. रांग ‘जास्त झाली’ हे कुणाच्या अंदाजावर सोडलेलं नव्हतं. तुमच्या लेनमध्ये तोंडापासून १० मीटर आत अशी एक ठळक रेघ मारा. गाडी त्या रेघेला टेकली की काय करायचं हे प्रत्येक कामगाराला पाठ असलं पाहिजे.

परवानग्यांचं थोडक्यात. राष्ट्रीय महामार्गाच्या जागेतून आत-बाहेर करायला महामार्ग प्रशासनाची वेगळी परवानगी लागते, त्यासाठी २००२ चा कायदा आहे. बांधकाम परवानगी मिळाली म्हणजे ही मिळाली असं होत नाही. जमीन बिगरशेती आहे का, महामार्गाच्या मध्यापासून बांधकामाला किती अंतर सोडायचंय, हे आधी लेखी घ्या. त्या अंतरात इमारत येत नसली तरी लेन येऊ शकते का, हा प्रश्न स्पष्ट विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर वरचा ९० मीटरचा हिशेब पुन्हा करावा लागेल. आणि फाट्याच्या चौकापासून तुमचं तोंड किती लांब आहे हेही मोजून ठेवा, तेही विचारलं जातं.

पाण्याचाही विचार करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. तुमची जागा किती सखल आहे मला ठाऊक नाही, पण लेनची पातळी सेवा रस्त्यापेक्षा खाली नको, आणि ऑर्डरच्या जागेवर व खिडकीवर छप्पर हवंच. आपल्या पावसात काच उघडी ठेवून माणूस ऑर्डर देत नाही, तो घाईत अर्धवट बोलतो आणि मग खिडकीवर दुरुस्त्या करतो. छपराची उंची ३ मीटरपेक्षा कमी नको, वर सामान बांधलेल्या गाड्या येतात.

काम सुरू करायच्या आधी मोजणी करा, आणि ती स्वतः करा. आजूबाजूला चालणारं एखादं मिसळ किंवा नाष्ट्याचं ठिकाण निवडा, जिथं लोक गाडी लावून पार्सल नेतात. शनिवार-रविवार सकाळी ८ ते ११ उभं राहा, आणि एखाद्या साध्या मंगळवारीही. वहीत प्रत्येक गाडीची यायची वेळ आणि जायची वेळ लिहा, दुचाकी वेगळ्या. मग तासाचा आकडा काढू नका, १५-१५ मिनिटांचे गट करा. तासाला ३० गाड्या दिसल्या तरी त्यातल्या १२ एकाच पाव तासात आलेल्या असू शकतात, आणि तुमची रांग त्या पाव तासात लागणार आहे. नवरात्रात अंबाबाईला आणि चैत्रात जोतिबाला येणाऱ्यांची गर्दी मात्र या मोजणीत धरू नका. त्या दिवसांसाठी जागा आखायची नसते, मेनू कमी करायचा असतो. चारच पदार्थ, आधीच भरलेले डबे, ठरलेली किंमत.

आणि रांग रेघेला टेकलीच, तर क्रम असा ठेवा. आधी हातात वही घेतलेला माणूस शेवटच्या गाडीपर्यंत जाऊन ऑर्डर घेतो. मोठ्या ऑर्डरी पुढच्या दोन जागांवर जातात. तरीही गाडी रेघेवर उभीच असेल तर तोंडाशी साखळी लावायची, ‘दहा मिनिटांनी या’ असा फलक उभा करायचा आणि एक माणूस हात दाखवून गाड्या पुढं सोडेल. गिऱ्हाईक परत पाठवताना मालकाच्या जिवावर येतं, म्हणून साखळी लावायचा अधिकार तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला द्या आणि त्यासाठी त्यानं तुम्हाला फोन करून विचारायची गरज ठेवू नका.